उंदरांच्या फिट थांबल्या, पण कोणत्या ओपिऑइडने?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांच्या धाकट्या भावाला टेम्पोरल लोबचा, म्हणजे मेंदूच्या कानशिलाजवळच्या भागातून उठणारा, अपस्मार (फिट येण्याचा आजार) आहे. तीन औषधे बदलून झाली, तरी महिन्याला चार-पाच फिट येतातच. मध्यंतरी पाठदुखीसाठी त्याला ट्रामाडॉल लिहून दिले होते. आता ‘ओपिऑइड रिसेप्टरवर काम करणाऱ्या औषधांनी प्राण्यांच्या फिट थांबल्या’ असे वाचनात आले आणि ट्रामाडॉलही ओपिऑइडच, म्हणजे मॉर्फिनच्या जातकुळीतले औषध, आहे. मग तेच चालू ठेवले तर फिट कमी होतील का?

नाही होणार. वाढण्याचीच शक्यता जास्त. ते प्रयोग खरे आहेत, त्यातले काही फार सुंदर आहेत, पण ते ट्रामाडॉलबद्दल नाहीत. मी रुग्ण तपासणारा डॉक्टर नाही. उंदरांच्या मेंदूत इलेक्ट्रोड बसवून त्यांच्या फिट मोजणे आणि त्यावर औषधे तपासणे हे माझे गेल्या वीसेक वर्षांचे काम. त्यामुळे उंदरांची बाजू जरा ऐसपैस सांगतो.

आधी ट्रामाडॉलचे उरकू. हे औषध ओपिऑइड रिसेप्टरवर, म्हणजे पेशींवर मॉर्फिनसारखी औषधे जिथे बसतात त्या जागांवर, काम करते, शिवाय सेरोटोनिन आणि नॉरएपिनेफ्रिन ही रसायने पेशीत परत शोषली जाणेही रोखते. फिट येण्याचा धोका त्याच्या माहितीपत्रकातच छापलेला असतो आणि अपस्माराच्या रुग्णाला तो जास्त. त्याच माहितीपत्रकात प्राण्यांबद्दल एक ओळ आहे, ती सहसा कोणी वाचत नाही. विषारी मात्रेत ट्रामाडॉल दिल्यावर प्राण्यांना आलेले झटके बार्बिट्युरेट किंवा बेन्झोडायझेपीन या शामक औषधांनी आवरले, पण नॅलोक्झोनने वाढले. नॅलोक्झोन हे ओपिऑइड रिसेप्टर अडवणारे औषध. म्हणजे ट्रामाडॉलचे झटके ओपिऑइड रिसेप्टरमुळे येत होते असे म्हणता येत नाही. तो रिसेप्टर बंद केल्यावर ते उलट बळावले. पेथिडीन या वेदनाशामकाचीही गत अशीच. शरीरात त्यापासून नॉरपेथिडीन तयार होते, मूत्रपिंडे नीट चालत नसतील तर ते साठत जाते आणि फिट आणते. तिथेही नॅलोक्झोनचा उपयोग होत नाही. अशा औषधांना निव्वळ ‘ओपिऑइड’ म्हटले की अर्धी गोष्ट लपते.

आता मूळ मुद्दा. ओपिऑइड रिसेप्टर एकच नाही. मुख्य तीन: म्यू, डेल्टा आणि कप्पा. म्यू हे नाव मॉर्फिनच्या म वरून आले, कप्पा हे केटोसायक्लाझोसिन या औषधावरून, तर डेल्टा उंदराच्या शुक्रवाहिनीवरून (व्हास डेफरेन्स), कारण तो प्रथम तिथे ओळखला गेला. सुरुवातीच्या यादीत सिग्मा नावाचा चौथाही होता. नॅलोक्झोनला तो दाद देत नाही हे लक्षात आल्यावर त्याला ओपिऑइडच्या घरातून बाहेर काढले. गंमत म्हणजे ड्रॅव्हे सिंड्रोम या लहान मुलांच्या अवघड अपस्मारासाठी 2020 मध्ये मान्यता मिळालेले फेनफ्लुरामीन सेरोटोनिनबरोबर याच सिग्मावरही काम करते. पण तो विषय वेगळा.

हे तिन्ही रिसेप्टर पेशीच्या आत जवळजवळ एकच काम करतात. पोटॅशियमच्या वाहिन्या उघडतात, कॅल्शियमच्या बंद करतात. परिणामी पेशी शांत होते आणि तिच्या टोकातून रसायन कमी सुटते. अपस्मार म्हणजे मेंदूपेशींचा अनावर गोंगाट. मग पेशी शांत करणारे कुठलेही औषध चालायला हवे, नाही का?

इथेच घोटाळा होतो. कोणती पेशी शांत झाली यावर सगळे अवलंबून आहे. हिप्पोकॅम्पस या टेम्पोरल लोबच्या आतल्या भागात म्यू रिसेप्टर मोठ्या संख्येने सापडतात ते आवर घालणाऱ्या पेशींवर, म्हणजे गाबा नावाचे रसायन स्रवून शेजारच्या पेशींना गप्प ठेवणाऱ्यांवर. मॉर्फिनने या पेशी झोपवल्या की ज्यांच्यावर त्यांचा धाक होता त्या मोकाट सुटतात. मॅडिसन आणि निकोल यांनी 1988 मध्ये उंदराच्या हिप्पोकॅम्पसच्या कापांवर हे थेट दाखवले: एन्केफॅलिन (मेंदूतच तयार होणारे ओपिऑइड) दिले की आवर घालणाऱ्या पेशींचा विद्युतभार खाली जातो आणि त्या थंड पडतात. त्याआधी 1977 मध्येच मॉर्फिन आणि एन्केफॅलिन मेंदूच्या पोकळीत टोचल्यावर उंदरांच्या ईईजीत, म्हणजे मेंदूच्या विद्युत नोंदीत, फिटसारख्या लहरी उमटल्याचे प्रसिद्ध झाले होते. मेंदूतले स्वतःचे ओपिऑइड सापडून तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. वेदना शमवणारा पदार्थ फिट आणतो, हे तेव्हा अनेकांच्या पचनी पडले नाही.

पण दुसऱ्या प्रयोगांत मॉर्फिनच्या लहान मात्रेने फिटचा उंबरठा वर गेला, म्हणजे फिट आणायला जास्त जोर लावावा लागला, आणि मात्रा मोठी केली की तोच उंबरठा खाली आला. शिवाय फिट कशाने आणली, विजेच्या धक्क्याने की रसायनाने, यावरही उत्तर बदलत गेले. म्हणून ‘मॉर्फिन फिट थांबवते की आणते?’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणाऱ्याकडे मी संशयाने पाहतो. माणसांत या चेतवण्याच्या गुणाचा उपयोगही होतो. अपस्माराची शस्त्रक्रिया चालू असताना अल्फेंटानिल हे ओपिऑइड देऊन दोषाच्या जागेतल्या विद्युत लहरी मुद्दाम चेतवतात, म्हणजे कुठे कापायचे ते स्पष्ट दिसते. जे औषध दोषाची जागा उजळून दाखवण्यासाठी वापरतात, ते फिट थांबवण्यासाठी घरी घ्यायचे?

डेल्टाबद्दल फार लिहीत नाही. या रिसेप्टरला चालू करणाऱ्या पहिल्या ताकदवान औषधांपैकी एसएनसी-80 आणि त्याच्या भाऊबंदांनी उंदरांना झटकेच आणले, आणि वेदनाशामक म्हणून त्यांची वाट तिथेच अडखळली. पुढे झटके न आणणारी काही डेल्टा औषधे निघाली, पण अपस्मारावरचा इलाज म्हणून डेल्टावर आज मी तरी पैज लावणार नाही.

राहिला कप्पा. तुम्ही वाचलेली बातमी बहुधा याचीच असणार.

कप्पाची कथा एका साध्या निरीक्षणापासून सुरू होते: फिट आपणहून थांबते. बहुतेक फिट एक-दोन मिनिटांत संपतात, मग माणूस गळून जातो आणि काही वेळ पुढची फिट सहज येत नाही. मेंदूत स्वतःचा काहीतरी ब्रेक असणार. टॉर्टेला आणि लाँग यांनी 1985 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला, तो मला अजूनही आवडतो. विजेच्या धक्क्याने फिट आलेल्या उंदरांच्या मेंदूभोवतीचे पाणी त्यांनी काढले आणि फिट कधीच न आलेल्या उंदरांच्या मेंदूत टोचले. या दुसऱ्या उंदरांचा फिटचा उंबरठा वर गेला! ओपिऑइड अडवणारे औषध दिले की हा परिणाम नाहीसा होई. म्हणजे फिटनंतर मेंदू स्वतःच ओपिऑइड सोडतो आणि निदान काही अंशी पुढच्या फिटला अडवतो. माणसांतही पेट (PET) स्कॅनवर फिटनंतरच्या तासांत ओपिऑइड रिसेप्टरची उपलब्धता बदललेली दिसली आहे.

या ओपिऑइडांपैकी डायनॉर्फिन हे कप्पाचे खास. हिप्पोकॅम्पसच्या दारावर डेंटेट जायरस नावाचा पट्टा असतो आणि त्यातल्या ग्रॅन्युल पेशींमध्ये डायनॉर्फिन भरून ठेवलेले असते. या पेशी आत येणारे संदेश चाळून पुढे पाठवतात. टेम्पोरल लोबच्या अपस्मारात हीच चाळणी फाटते असे समजा. 1993 मध्ये ‘नेचर’मध्ये दोन गटांचे शोधनिबंध आले: डायनॉर्फिन सुटले की उत्तेजक संदेश देणाऱ्या टोकांवरच्या कप्पा रिसेप्टरवर बसते आणि ग्लुटामेट हे उत्तेजक रसायन सुटणे कमी करते. म्यूशी फरक पाहा. म्यू आवर घालणाऱ्याला झोपवतो, कप्पा दंगा करणाऱ्यालाच दाबतो.

आणखी एक बारकावा महत्त्वाचा आहे. डायनॉर्फिनसारखे पेप्टाइड (प्रथिनाचा छोटा तुकडा) पेशीत मोठ्या, दाट पुड्यांत साठवलेले असते. पेशीने एखादा-दुसरा संदेश पाठवला तर या पुड्या फुटत नाहीत. सलग, भराभर संदेशांचा मारा झाला तरच त्या रिकाम्या होतात. शांत असताना काहीच नाही आणि फिट उसळू लागली की नेमका ब्रेक. आपण गोळी देतो तेव्हा ती गरज असो-नसो चोवीस तास मेंदूभर पसरलेली असते, त्यामुळे या यंत्रणेचा मला हेवा वाटतो.

हा ब्रेक खरेच कामाचा आहे का, हे पाहण्यासाठी डायनॉर्फिनचे जनुक काढून टाकलेले उंदीर वापरले गेले. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकच्या श्वार्त्सर यांच्या गटाने 2007 मध्ये दाखवले की या उंदरांना फिट लवकर येतात, आणि बाहेरून कप्पा चालू करणारे औषध दिले की ते पुन्हा सर्वसाधारण उंदरांच्या रांगेत येतात. माणसांकडून आलेला दुवा 2002 चा आहे: डायनॉर्फिनच्या जनुकाच्या नियंत्रक भागातला एक फरक आणि टेम्पोरल लोबचा अपस्मार यांचा संबंध तेव्हा नोंदवला गेला. असे जनुकीय संबंध मी कच्चा पुरावाच मानतो, पण दिशा जुळते. त्यापेक्षा बोलका पुरावा शस्त्रक्रियेत काढलेल्या ऊतींचा. त्यांत डायनॉर्फिनचे प्रमाण फिट किती अलीकडे आली यावर बदलते, आणि जुनाट अपस्मारातही कप्पा रिसेप्टर बऱ्यापैकी शिल्लक असतात. साठा आटतो, पण डायनॉर्फिन जिथे बसायचे ती जागा राहते. औषध शोधणाऱ्याला आणखी काय हवे!

कप्पाचे औषधही नवे नाही. यू-50488 हे अपजॉन कंपनीच्या प्रयोगशाळेतले, नावातला यू तिथलाच. 1980च्या दशकातच उंदरांमधल्या विजेच्या धक्क्याच्या फिटवर त्याचा परिणाम दिसला होता. मग चाळीस वर्षांत गोळी का आली नाही?

कारण माणसाला ते सोसवत नाही. कप्पा चालू झाला की मन खिन्न होते, अस्वस्थ वाटते, मात्रा वाढली तर भास होतात. 1986 मध्ये निरोगी स्वयंसेवकांवर हे मोजून प्रसिद्ध झाले आणि वेदनाशामक म्हणूनही कप्पाची गाडी रुळावरून घसरली. ज्या रुग्णांत नैराश्य आधीच जास्त आढळते त्यांना रोज, वर्षानुवर्षे असे औषध देणे कोणाला पटेल? शिवाय लघवी खूप होते, पण ते त्यामानाने किरकोळ.

गेल्या काही वर्षांतले काम याच अडथळ्याभोवती फिरते. रिसेप्टर चालू झाला की पेशीत संदेश दोन वाटांनी जातो: एक जी-प्रोटीनची आणि दुसरी बीटा-अरेस्टिनची (दोन्ही पेशीतली प्रथिने). फिट दाबण्याचे काम पहिली वाट करते आणि खिन्नता बरीचशी दुसऱ्या वाटेने येते, असे गृहीतक आहे. मग फक्त पहिल्याच वाटेला झुकणारे औषध केले तर? इन्सब्रुकच्याच गटाने 2016 मध्ये सिक्स-प्राइम-जीएनटीआय हे असे औषध उंदरांवर वापरले. हिप्पोकॅम्पसमधल्या फिटच्या लहरी थांबल्या आणि उंदरांमध्ये तिटकारा दिसला नाही. पण त्यासाठी ते मेंदूतच टोचावे लागले, आणि गोळी म्हणून त्याचा उपयोग नाही. दोन वाटांचे गृहीतकही सर्वांना मान्य नाही. मला ते अर्धेच पटते, कारण ‘झुकाव’ कोणत्या पेशीत आणि कोणत्या चाचणीने मोजला यावर आकडे बरेच हलतात.

उंदराची खिन्नता मोजतात तरी कशी? त्याला विचारता येत नाही. दोन खोल्यांची पेटी असते. एका खोलीत औषध देऊन ठेवतात, दुसरीत नुसते सलाइन देऊन. काही दिवसांनी मधले दार उघडे ठेवून उंदीर कुठे जास्त वेळ थांबतो ते पाहतात. औषधाची खोली त्याने टाळली तर ते औषध त्याला नकोसे वाटले. चाचणी चांगली आहे, पण ‘उंदराने खोली टाळली नाही’ आणि ‘माणसाला उदास वाटणार नाही’ या दोन वाक्यांमध्ये बरेच अंतर आहे. नाल्फुराफीन हे कप्पाचे औषध जपानमध्ये 2009 पासून डायलिसिसच्या रुग्णांच्या खाजेसाठी वापरात आहे, तेही अवघ्या 2.5 मायक्रोग्रॅमच्या मात्रेत. म्हणजे माणसाला सोसेल असा कप्पा अशक्य नाही. मात्र खाजेला पुरणारी मात्रा फिटलाही पुरेल असे त्यातून सिद्ध होत नाही.

याहून वेगळा एक मार्ग मला जास्त आशादायक वाटतो. औषध बाहेरून द्यायचेच नाही, आटलेला साठा जागेवर भरायचा. 2019 मध्ये इन्सब्रुक आणि बर्लिनच्या संशोधकांनी एएव्ही या निरुपद्रवी विषाणूत डायनॉर्फिनचे जनुक घालून ते अपस्मार झालेल्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये एकदाच टोचले. फिट महिनोन्महिने दबून राहिल्या. पेशी पुड्या भरतात आणि मारा झाला तरच फोडतात, म्हणून परिणाम मागणीनुसार आणि त्याच जागी. मेंदूभर कप्पा चेतवायचा प्रश्नच येत नाही, त्यामुळे खिन्नतेची भीतीही कमी. प्रयोग माईस (लहान उंदीर) आणि रॅट (मोठे उंदीर) या दोन्ही जातींत झाला. मराठीत आपण दोघांनाही उंदीरच म्हणतो, पण मेंदूच्या बाबतीत हे दोघे चुलत भाऊही शोभत नाहीत. जातीगणिक फरक पडतोच: गिनीपिगच्या मॉसी फायबरवर (ग्रॅन्युल पेशींच्या तंतूंवर) कप्पा जे काम करतो ते रॅटमध्ये त्याच जागी दिसत नाही, असे 1995 मध्येच नोंदले गेले होते. म्हणून दोन जातींतला निकाल मी एकाच जातीतल्या दहा निकालांपेक्षा वर ठेवतो.

अशा बातम्या वाचताना आणखी एक गोष्ट तपासा: फिट कोणती होती? निरोगी उंदराला विजेचा धक्का देऊन आणलेली, की मेंदूत इजा करून, आठवडे थांबून, मग आपणहून येऊ लागलेली? तुमच्या भावाचा आजार दुसऱ्या प्रकाराशी जुळतो. पहिल्या प्रकाराच्या, तेव्हा मांजरांवर केलेल्या, चाचण्यांनी 1938 मध्ये फेनिटॉइन हे फिटचे औषध दिले, हे त्यांचे मोठे ऋण. पण लेव्हेटिरासिटाम, जे आज फिटसाठी जगभर लिहून दिले जाते, ते निरोगी उंदरांवरच्या नेहमीच्या दोन्ही चाचण्यांत (विजेच्या धक्क्याची आणि रसायनाची) नापास झाले होते. त्यांच्यावरच विसंबले असते तर ते कचऱ्यात गेले असते.

दुसरी फसवणूक मी स्वतः अनुभवली आहे. सुरुवातीच्या काळात एका कप्पा औषधाच्या मोठ्या मात्रेवर माझे उंदीर अगदी शांत पडून होते. झटका नाही, थरथर नाही. वहीत आनंदाने ‘शून्य’ लिहिले. त्या पिंजऱ्याची ईईजीची वायर सैल झाली होती. ती नीट बसवून पुन्हा पाहिले तर मेंदूत फिट चालूच होत्या. औषधाने फक्त अंग लुळे पाडले होते. त्यानंतर ईईजी नसलेल्या ‘फिट थांबल्या’वर मी विश्वास ठेवत नाही, आणि औषध घेतलेला उंदीर फिरत्या दांड्यावर तोल सांभाळतो का हे आधी पाहतो.

श्वासाचाही विचार करायला हवा. फिटनंतर मेंदू जे ओपिऑइड सोडतो, तेच श्वास मंदावण्याला हातभार लावत असतील अशी शंका आहे, आणि अपस्मारातल्या अचानक मृत्यूंशी त्याचा संबंध जोडला जातो. म्यूवर काम करणारी औषधे तर श्वास मंद करतातच. मोठी फिट नुकतीच येऊन गेलेल्या माणसात या दोन गोष्टी एकत्र आलेल्या मला नको आहेत.

तेव्हा भावाच्या डॉक्टरांना ट्रामाडॉल किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा आणि किती दिवस चालू आहे हे लिहूनच द्या. बरेच दिवस चालू असेल तर घरच्या घरी एकदम तोडू नका, कारण ते अचानक बंद केल्यानेही त्रास होतो. कमी कसे करायचे आणि पाठीसाठी दुसरे काय द्यायचे हे तेच सांगतील. त्याच भेटीत शस्त्रक्रियेच्या तपासणीबद्दल विचारा. योग्य निवडलेली, योग्य मात्रेतली दोन औषधे निष्फळ ठरली की अपस्माराला औषधांना न जुमानणारा म्हणतात, आणि तुमच्या भावाची तीन झाली आहेत. टेम्पोरल लोबच्या 80 रुग्णांवरची एक चाचणी 2001 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात शस्त्रक्रियेच्या गटातले 58 टक्के रुग्ण वर्षअखेर शुद्ध हरपणाऱ्या फिटपासून मुक्त होते. नुसत्या औषधांच्या गटातले 8 टक्के. ही माणसे होती, उंदीर नव्हेत. वर सांगितलेले माणसाच्या हिप्पोकॅम्पसमधले डायनॉर्फिन मोजता आले तेही अशाच शस्त्रक्रियांत काढलेल्या ऊतींमुळे.